जेरी राइस नुसत्या कष्टाने घडला नाही

अमेरिकेत एक गोष्ट शाळेच्या व्यायामशाळेत सांगतात, विक्री-प्रतिनिधींच्या मेळाव्यात सांगतात, आणि आता ती बे एरियातल्या मराठी घरांतही पोचली आहे. सॅन फ्रान्सिस्को फॉर्टीनाइनर्स या संघाचं स्टेडियम सांता क्लाराला आल्यापासून आपल्या लोकांची अमेरिकन फुटबॉलशी ओळख वाढली. मुलगा शाळेच्या संघात निवडला गेला नाही, की बाप त्याला जवळ बसवून ही गोष्ट ऐकवतो. मिसिसिपीतल्या एका खेड्यातल्या गवंड्याचा मुलगा. मोठ्या विद्यापीठांनी त्याला विचारलं नाही. स्टॉपवॉच लावलं तर धावायला हळू निघाला. व्यावसायिक संघात पहिल्याच वर्षी त्याच्या हातून चेंडू सुटत राहिले, घरच्या प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. पण गडी हटला नाही. रोज टेकडी चढत राहिला आणि जगातला सर्वश्रेष्ठ वाइड रिसीव्हर झाला. तात्पर्य तयारच असतं: अंगचे गुण लागत नाहीत, नशीब लागत नाही, कुणाची मदत लागत नाही, कष्ट करा.

या गोष्टीतला जवळजवळ प्रत्येक तपशील खरा आहे, आणि तरीही ती खोटी आहे. कारण तिच्यातून माणसं गाळली आहेत. ज्यांच्यामुळे जेरी राइसला संधी मिळाली, शिक्षण मिळालं, चुका करायला वेळ मिळाला, ती सगळी माणसं. शिवाय ज्यांनी तेवढेच कष्ट केले आणि ज्यांना काही मिळालं नाही, तीही. कष्टाचा मोठेपणा सांगण्यासाठी इतक्या जणांना पुसून टाकावं लागत असेल, तर त्या सांगण्याला विरोध केलाच पाहिजे.

खेळाची ओळख नसलेल्यांसाठी थोडक्यात. अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक हा चेंडू फेकणारा आणि चाल चालवणारा खेळाडू. वाइड रिसीव्हर मैदानाच्या कडेला उभा राहतो, ठरलेल्या वाटेने धावतो, बचाव करणाऱ्याला चुकवतो आणि फेकलेला चेंडू झेलतो. चेंडू घेऊन शेवटची रेघ ओलांडली की टचडाउन. विद्यापीठातून येणाऱ्या खेळाडूंची व्यावसायिक संघ दरवर्षी क्रमाने निवड करतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. आदल्या हंगामातला सगळ्यात कमजोर संघ आधी निवडतो, विजेता सगळ्यात शेवटी.

आता 'नाकारलेला मुलगा' हा भाग घेऊ. १९८५च्या ड्राफ्टमध्ये राइस पहिल्याच फेरीत, सोळाव्या क्रमांकावर निवडला गेला. त्याच्या आधी फक्त दोन वाइड रिसीव्हर गेले होते: दहाव्या क्रमांकावर विस्कॉन्सिनचा अल टून आणि तेराव्यावर मायामीचा एडी ब्राउन. देशभरातल्या शेकडो मुलांमधून पहिल्या सोळांत आलेल्याला नाकारलेला म्हणायचं असेल, तर शेवटच्या फेरीत गेलेल्यांना आणि अजिबात न निवडलेल्यांना काय म्हणायचं? फॉर्टीनाइनर्स तर त्या वर्षीचे विजेते होते, त्यांची पाळी पहिल्या फेरीच्या अगदी शेवटी, अठ्ठाविसावी. तिथवर हा मुलगा उरणार नाही, याची प्रशिक्षक बिल वॉल्श यांना खात्री होती. म्हणून न्यू इंग्लंड पेट्रियट्सचा सोळावा क्रमांक मिळवायला त्यांनी पहिल्या तिन्ही फेऱ्यांतले आपले हक्क देऊन टाकले, बदल्यात सोळाव्यासोबत तिसऱ्या फेरीतला एक मिळाला. एका छोट्या कॉलेजातल्या पोरासाठी विजेत्या संघाने एवढी किंमत मोजली. याला कुणी उपेक्षा म्हणत असेल, तर शब्दांना काही अर्थच उरला नाही.

वॉल्शनी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते टीव्हीवर. ऑक्टोबर १९८४मध्ये ह्यूस्टनच्या सामन्याच्या आदल्या रात्री हॉटेलच्या खोलीत ते टीव्ही पाहत होते, आणि त्यात मिसिसिपी व्हॅली स्टेटच्या सामन्यातली क्षणचित्रं आली. पाहणाऱ्याचा डोळा तयार होता म्हणून त्या काही सेकंदांत त्यांना जे दिसायचं ते दिसलं. कष्टाच्या गोष्टीत या डोळ्याला जागा नाही. राइस त्या रात्रीही तितकाच कष्टाळू होता, आणि वॉल्शनी टीव्ही बंद करून झोपायचं ठरवलं असतं तरी तितकाच कष्टाळू राहिला असता. त्याचं पुढचं आयुष्य मात्र तेच राहिलं असतं, असं छातीठोकपणे कोण सांगेल?

मग येतं ते 'हळू' असणं. चाळीस यार्डांची, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटरची धाव घेऊन खेळाडूंना मोजायची तिथे पद्धत आहे. राइसची वेळ कुणी ४.७१ सेकंद सांगतं, कुणी ४.६च्या आसपास. रिसीव्हरसाठी दोन्ही साधारणच. पण ही धाव सरळ रेषेत, अंगावर पोशाखाचं ओझं नसताना आणि समोर कुणी आडवं नसताना घेतली जाते. तिच्यावरून रिसीव्हर जोखणं म्हणजे दोन यष्ट्यांमधल्या धावेवरून फलंदाज निवडणं. सामन्यात जो वेग लागतो तो वेगळा. राइसची 'स्लँट' नावाची चाल पाहावी. तीन पावलं सरळ, मग आतल्या बाजूला तिरकं वळण. बहुतेक धावपटू वळायच्या आधी नकळत मंदावतात, गुडघे मोडतात, खांदे वर येतात, आणि बचाव करणाऱ्याला तेवढीच खूण पुरते. राइसचे खांदे वळणात शिरताना, वळताना आणि वळणाबाहेर पडताना एकाच पातळीवर असत. वेग तोच, दिशा मात्र बदललेली. चेंडू छातीसमोर आला की तो न थबकता झेलून तसाच पुढे, आणि एकदा मोकळा सुटला की भल्याभल्यांना मागून गाठता येत नसे. हे हळू माणसाचं काम नव्हे. स्टॉपवॉचला हा वेग दिसला नाही, तर ती मोजमापाची चूक. ती चूक मुलाच्या अंगचा दोष म्हणून सांगायची आणि मग त्याने कष्टाने त्या दोषावर मात केली म्हणायचं, यात त्याच्या विलक्षण शरीराचा आणि बुद्धीचा अपमान आहे.

विटांची गोष्ट सगळ्यांना फार आवडते. वडील जो नेथन राइस गवंडीकाम करायचे. जेरी आणि त्याचे भाऊ उन्हाळ्यात हाताखाली असत. खालून भाऊ विटा फेकायचा, वर पहाडावर उभा असलेला जेरी त्या झेलायचा. त्यातून हात तयार झाले, असं तो स्वतःच सांगत आला आहे, आणि त्यात शंका घ्यायचं कारण नाही. पण आठ भावंडांच्या घरात पोरांनी मिसिसिपीच्या उन्हात विटा वाहाव्या लागणं ही गरिबी आहे. ती प्रशिक्षणाची पद्धत नव्हती. सभागृहातल्या थंड हवेत बसून तिला शिकवणीवर्गाचं रूप देणाऱ्यांनी एवढं तरी आठवावं, की त्याच पहाडावर विटा झेलणारी इतरही मुलं होती. त्याची भावंडंही होतीच.

इट्टा बेना या लहानशा गावातलं मिसिसिपी व्हॅली स्टेट विद्यापीठ या गोष्टीत नेहमी 'कुणालाही ठाऊक नसलेलं कॉलेज' म्हणून येतं. जणू ती एक अडगळ होती, आणि तिथून बाहेर पडणं हाच पराक्रम. हे मला सगळ्यात जास्त खटकतं. वर्णभेदाच्या काळात मिसिसिपीत कृष्णवर्णीय मुलांसाठी जी वेगळी विद्यापीठं उभी राहिली, त्यांपैकी हे एक, १९५०मध्ये सुरू झालेलं. याच राज्यातल्या अशाच जॅक्सन स्टेटमधून वॉल्टर पेटन आला होता, १९७५च्या ड्राफ्टमध्ये चौथ्या क्रमांकावर निवडला गेलेला. अलाबामा ए अँड एममधून जॉन स्टॉलवर्थ आला. ही विद्यापीठं कुणालाच ठाऊक नव्हती असं नाही. गोऱ्या मालकांच्या आणि खेळाडू शोधणाऱ्या गोऱ्या हेरांच्या संघांनी ती बराच काळ पाहिली नाहीत. पिट्सबर्ग स्टीलर्सनी बिल नन या कृष्णवर्णीय पत्रकाराला हेर म्हणून घेतलं, आणि सत्तरच्या दशकातला त्यांचा विजयी संघ याच कॉलेजांतून भरला. ज्यांनी पाहिलं त्यांना दिसलं.

इट्टा बेनात राइसला काय मिळालं ते पाहा. प्रशिक्षक आर्ची कूली. मोठ्या विद्यापीठांनी शिष्यवृत्ती देऊ केली नाही, ती कूलींच्या व्हॅलीने दिली. त्या काळात बहुतेक महाविद्यालयीन संघ चेंडू हातात धरून पळण्यावर भर द्यायचे. कूलींनी चाल ठरवायला घोळका करणंच बंद करून टाकलं. चार-चार रिसीव्हर एकाच बाजूला, एकामागे एक रांगेत उभे करायचे, समोरच्या संघाने कुणी कुणाला धरायचं हे ठरवायच्या आत चेंडू हवेत. १९८४च्या हंगामात हा संघ सामन्याला सरासरी साठच्या वर गुण करत होता. त्या एका हंगामात राइसने २७ टचडाउन झेलले. चार वर्षं हजारो वेळा वाट धावायची, हजारो वेळा चेंडू हाती यायचा. एखाद्या नामांकित विद्यापीठात तो गेला असता तर कदाचित चार वर्षं दुसऱ्यांसाठी अडथळे दूर करण्यातच गेली असती. व्हॅलीने त्याला रिसीव्हर बनवलं. कृष्णवर्णीय विद्यापीठातल्या एका कल्पक प्रशिक्षकाने खेळाच्या व्यावसायिक भवितव्याची तालीम तिथे आधीच करून ठेवली होती, आणि आपण गोष्ट सांगताना त्याचं नावही घेत नाही.

आता विली टॉटनकडे येतो. ते २७ टचडाउन हवेतून आपोआप आले नव्हते. टॉटन हा व्हॅलीचा क्वार्टरबॅक. १९८४मध्ये त्याने ५६ टचडाउन पास फेकले, त्या वेळचा विक्रम. तेच मैदान, तोच प्रशिक्षक, तेच ऊन. मैदानावर उभं राहून चाल ठरवायची, समोरच्यांची मांडणी वाचायची आणि रांगेतल्या चौघांपैकी कोण मोकळा होणार ते ओळखून चेंडू सोडायचा, हे सगळं त्याच्याकडे होतं. त्याचं काय झालं? व्यावसायिक लीगमध्ये कुठल्याही संघाने त्याची ड्राफ्टमध्ये निवड केली नाही. १९८७मध्ये खेळाडूंचा संप झाला, तेव्हा बदली खेळाडू म्हणून बफेलो बिल्सकडून त्याला जेमतेम मैदान पाहायला मिळालं. इट्टा बेनाच्या स्टेडियमला आज राइस आणि टॉटन या दोघांचं नाव आहे. जगाला त्यातलं एकच ठाऊक आहे.

टॉटनने कमी कष्ट केले, असं कुणी म्हणून दाखवावं. मला दिसतं ते हे, की त्या काळात कृष्णवर्णीय मुलाला रिसीव्हरची जागा उघडी होती आणि क्वार्टरबॅकची जवळजवळ बंद. चेंडू झेलायला पाय आणि हात लागतात, चेंडू फेकायला डोकं लागतं, आणि डोकं गोऱ्यांकडे असतं, असं मानणारे लोक संघ चालवत होते. वॉरन मून या कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकला १९७८च्या ड्राफ्टमध्ये कुणी घेतलं नाही, त्याला कॅनडात जाऊन स्वतःला सिद्ध करावं लागलं. डग विल्यम्सने जानेवारी १९८८मध्ये सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला, तोवर एकाही कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकने तो जिंकलेला नव्हता. टॉटनला उत्तम संधी मिळाली असती तरी तो किती मोठा झाला असता, हे सांगता येत नाही. त्याला आजमावलंच गेलं नाही, हे मात्र सांगता येतं. राइसच्या कष्टांची गोष्ट टॉटनचं नाव न घेता सांगणं हा अन्याय आहे, आणि तो अजाणता होतो म्हणून लहान ठरत नाही.

आता पहिला हंगाम. कष्टवाद्यांच्या गोष्टीत इथे अंधार दाटून येतो. १९८५मध्ये घरच्या मैदानावर, कँडलस्टिक पार्कवर, राइसच्या हातून चेंडू सुटले, आणि विजेत्या संघाच्या प्रेक्षकांना ते खपलं नाही. खरं आहे. कूलींच्या मैदानावरून तो वॉल्शच्या मैदानावर आला होता. तिथे एका चालीचं नावच आठ-दहा शब्दांचं, आणि धावता धावता समोरच्याची मांडणी पाहून आपली वाट बदलायची. डोक्यात वाट, समोर बचाव करणारा आणि चेंडू शेवटच्या क्षणी. तो हातात स्थिरावण्याआधीच पाय पुढच्या पळण्याकडे वळलेले. सुटणारच.

पण त्याच वर्षाचा हिशेब पाहा: ४९ झेल, आणि त्यांतून ९२७ यार्डांची आगेकूच. डिसेंबरमध्ये लॉस एंजेलिस रॅम्सविरुद्ध एका रात्री १० झेल आणि २४१ यार्ड. सामना संघ हरला, पण त्या रात्रीनंतर सॅन फ्रान्सिस्कोत कुणाला शंका राहिली नाही. पहिल्या हंगामाच्या अखेरीस आलेली ही रात्र टेकडीने दिलेली नाही. पुढे सहकारी रॉजर क्रेगबरोबर सॅन कार्लोसजवळच्या टेकडीवर केलेली धाव प्रसिद्ध झाली. ती त्याने केली, वर्षानुवर्षं केली, तिचं मोल मला मान्य आहे. पण झेल सोडणारा मुलगा डिसेंबरमध्ये २४१ यार्ड काढतो, कारण सप्टेंबर ते नोव्हेंबर संघाने त्याला मैदानात ठेवलेलं असतं. चेंडू सुटला तरी पुढचा चेंडू त्याच्याकडेच येतो. क्वार्टरबॅक जो माँटाना चिडून दुसरीकडे फेकू लागला नाही, वॉल्शनी त्याला बाकावर कायमचं बसवलं नाही. पहिल्या तीन फेऱ्यांचे हक्क दिलेल्या खेळाडूला संघ सहजासहजी सोडत नाही, हेही उघड आहे. सातव्या फेरीत घेतलेल्या पोराच्या हातून तेवढेच चेंडू सुटले असते, तर ते ऑक्टोबरमध्येच घरी गेलं असतं. तिथे कष्ट करायलाही वेळ मिळत नाही.

आणि फ्रेडी सॉलोमन. राइस आला तेव्हा संघाचा जुना रिसीव्हर. १९८५ हा त्याचा शेवटचा हंगाम, आणि राइसला आपल्या जागेसाठीच आणलंय हे त्याला ठाऊक होतं. सराव संपल्यावर हा माणूस आपली जागा घेणाऱ्या पोराला घेऊन थांबायचा, वाटा शिकवायचा. राइसने त्याचं ऋण वारंवार मान्य केलंय. सॉलोमन स्वतः टॅम्पा विद्यापीठात क्वार्टरबॅक होता. १९७५मध्ये मायामी डॉल्फिन्सनी त्याला घेतलं आणि रिसीव्हर केलं. जानेवारी १९८२मध्ये फॉर्टीनाइनर्सच्या ड्वाइट क्लार्कने जो झेल घेतला आणि ज्याच्या तसबिरी सॅन फ्रान्सिस्कोत घरोघरी लागल्या, ती चाल मुळात सॉलोमनसाठी आखली होती. तो घसरला म्हणून चेंडू क्लार्ककडे गेला. ज्याच्याकडून क्वार्टरबॅकची जागा गेली, ज्याच्याकडून तो ऐतिहासिक झेल गेला, त्याने शेवटच्या वर्षात आपली उरलेली विद्या एका नवख्याच्या पदरात टाकली. उरलेल्या आयुष्यात त्याने टॅम्पातल्या गरीब मुलांसाठी काम केलं. प्रेरणा हवी असेल तर या माणसाकडे का बघत नाहीत? त्याचा धडा विकायला अवघड आहे म्हणून, असं मला वाटतं. दुसऱ्याला घडवणं हे कुणा एकाच्या यशाच्या भाषणात बसत नाही.

दुसऱ्या बाजूचंही एक तुणतुणं आहे, ते झटपट मिटवतो. राइस हा वॉल्शच्या पद्धतीने आणि माँटानाच्या हाताने बनवलेला खेळाडू, असं काही जण म्हणतात. १९८६मध्ये माँटाना पाठीच्या शस्त्रक्रियेमुळे निम्मा हंगाम बाहेर होता, चेंडू बहुतांश जेफ केंप फेकत होता, आणि राइसने १,५७० यार्ड आणि १५ टचडाउन काढून दोन्हींत लीगमध्ये पहिला क्रमांक घेतला. १९८७मध्ये संपामुळे त्याच्या वाट्याला बाराच सामने आले. त्यात २२ टचडाउन. दुसऱ्या क्रमांकावरच्या माइक क्विककडे ११ होते. तो २२चा विक्रम मोडायला रँडी मॉसला २००७मध्ये सोळा सामने लागले. पद्धतीने असे खेळाडू होत असते तर प्रत्येक वर्षी एक झाला असता. माझा वाद राइसच्या थोरपणाशी नाहीच.

पण थोर खेळाडूची सुरुवातही कशी एका धाग्यावर असते, ते जानेवारी १९८७मध्ये दिसलं. न्यू यॉर्क जायंट्सविरुद्ध बाद फेरीचा सामना, गुणफलक अजून कोरा. माँटानाने पास दिला, राइसने तो झेलला आणि समोर रिकामं मैदान. कुणी आडवं नाही, मागून कुणी गाठणार नाही. टचडाउन ठरलेलाच. आणि कुणाचा हातही न लागता चेंडू त्याच्या हातातून निसटला, जमिनीवर उसळला, पुढे सरकत शेवटच्या रेघेपलीकडे गेला आणि जायंट्सच्या खेळाडूने तो अंगाखाली घेतला. संघ ४९-३ असा हरला. एका चेंडूने ४६ गुणांचा फरक पडत नाही, पण बोट दाखवायला लोकांना तेवढं पुरतं. एखाद्या दुसऱ्या संघात, दुसऱ्या प्रशिक्षकाखाली, 'मोठ्या सामन्यात हात कापणारा' हा शिक्का त्याच्यावर कायमचा बसला असता. १९८७च्या हंगामानंतर मिनेसोटाविरुद्धच्या बाद फेरीतही तो झाकोळला गेला होता, म्हणजे शिक्क्याला पुरावाही तयार झाला होता. शिक्का बसला नाही, कारण वॉल्शनी दुसऱ्या दिवशीही त्याला तेच काम दिलं. जानेवारी १९८९मध्ये मायामीत, दुखऱ्या घोट्याने खेळत, त्याने सिनसिनाटी बेंगल्सविरुद्ध ११ झेल आणि २१५ यार्ड काढले आणि सुपर बोलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्या शेवटच्या ९२ यार्डांच्या चढाईत महत्त्वाचे तीन झेल त्याचे होते. विजयी टचडाउन मात्र सहकारी जॉन टेलरने झेलला.

समोर बेंगल्सकडून कोण खेळत होता? एडी ब्राउन, राइसच्या तीन क्रमांक आधी निवडलेला. १९८५मध्ये त्याने राइसपेक्षा थोडे जास्त यार्ड काढले होते, टचडाउन आठ, आणि असोसिएटेड प्रेसचा सर्वोत्तम नवोदित आक्रमक खेळाडूचा किताब त्यालाच मिळाला होता. १९८८मध्ये तो झेलामागे २४ यार्ड काढत होता. मानेच्या दुखापतीने १९९२चा हंगाम गेला, आणि तो या लीगमध्ये परत खेळला नाही. अल टून १९८८मध्ये ९३ झेल घेऊन लीगमध्ये पहिला होता. डोक्याला वारंवार बसलेल्या धक्क्यांमुळे १९९२मध्ये, वयाच्या तिशीच्या आत, त्याला खेळ सोडावा लागला. एकाच ड्राफ्टमधले तीन रिसीव्हर. राइसला १९९७पर्यंत दुखापतीमुळे एकही सामना चुकवावा लागला नाही. व्यायामाने स्नायू बळकट होतात, त्याने दुखापती टळतात, हे मी नाकारत नाही. पण धावत येणाऱ्या माणसाचं शिरस्त्राण आपल्या कानशिलावर कुठल्या कोनातून आदळावं, हे कुठल्या टेकडीवर ठरतं? टूनला कुणी सांगावं, की तुझी तयारी कमी पडली?

इथेच या गोष्टीचं खरं नुकसान दिसतं. कष्टाने सगळं मिळतं, असं सांगणारा माणूस मागच्या दाराने दुसरंही सांगून जातो: ज्याला मिळालं नाही त्याने कष्ट केले नाहीत. मुलगा संघात निवडला गेला नाही, तर तो आळशी. एखाद्या कॉलेजचे खेळाडू निवडले जात नाहीत, तर ती मुलं हिंमत हरली. मग त्या कॉलेजात हेर गेला होता का, प्रशिक्षक कसा होता, चुकल्यावर दुसरी संधी कुणाला मिळते आणि कुणाला नाही, हे प्रश्न विचारायची गरजच संपते. ज्यांच्या हातात निवड असते त्यांना ही गोष्ट आवडावी, यात नवल नाही. आपल्या मराठी बापांना ती का आवडावी, हे मला समजत नाही. आपण परदेशात आलो ते कुणाच्या शिफारशीवर, कुणाच्या खोलीवर महिनाभर राहून, कुणीतरी पहिल्या नोकरीतली चूक पोटात घातली म्हणून. मुलाला हे सांगायला काय हरकत आहे?

'मग मुलांना काय सांगायचं, कष्ट करू नका?' हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. कष्ट करायलाच सांगा. राइस सरावात प्रत्येक झेलानंतर चेंडू घेऊन थेट शेवटच्या रेघेपर्यंत पळत जायचा, हेही सांगा. पण त्याच दमात सांगा, की तो चेंडू कुणीतरी फेकला होता.

आणि राइस स्वतः काय म्हणाला, तेही ऐकवा. २०१०मध्ये ओहायोतल्या कँटन इथे हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला. त्या भाषणात त्याने शाळा बुडवताना पकडला गेल्याचा प्रसंग सांगितला. उपमुख्याध्यापक मागून आले, हा असा काही पळाला की त्यांनी शिक्षा तर केलीच, पण त्याला फुटबॉलच्या प्रशिक्षकाकडेही पाठवलं. म्हणजे सुरुवातही कुणीतरी ओळखण्यापासूनच झाली होती. त्याच भाषणात तो म्हणाला, की त्याला पुढे ढकलणारं इंजिन अपयशाची भीती हे होतं, आणि कारकिर्दीबद्दल एकच खंत आहे: तिचा आनंद घ्यायला तो कधी थांबला नाही. वीस हंगाम, सगळे विक्रम, आणि हा कबुलीजबाब. टेकडीची गोष्ट विकणाऱ्या कुणालाही मी या भीतीबद्दल बोलताना ऐकलं नाही. ते टेकडी सांगतात, तिच्यावर पळणाऱ्याच्या मागे काय लागलं होतं ते सांगत नाहीत. त्याने भर सभेत, स्वतःच्या तोंडाने सांगितलेलं हे एवढं तरी त्यांनी आपल्या भाषणात घ्यावं, आणि कूली, टॉटन, सॉलोमन ही तीन नावंही.